अंगठ्याएवढा फोटो

विशेषणांवर ज्यांची घरं चालतात त्यांतला मी एक. रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका लोक आता फोनवरच पाठवतात, बिलबुकांचं काम आटलं, पण पुढाऱ्यांचे वाढदिवस काही आटले नाहीत. कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी हे सगळे शब्द आमच्या कॉम्प्युटरवर तयार ठेवलेले असतात. नाव आणि फोटो बदलला की काम संपलं. तेव्हा ज्या बाईंनी माझ्याच दुकानात उभं राहून वर्षानुवर्षं विशेषणं खोडली, त्यांच्यावर मी खरं तर चिडून असायला हवं. सुरुवातीला होतोही.

वत्सला पगारे त्यांचं नाव. आम्ही सगळे पगारे मॅडम म्हणायचो. मुळात सरकारी नोकरीतल्या, आणि तिथून एका आमदारांच्या कार्यालयात स्वीय सहायक म्हणून आलेल्या. साहेबांनी त्यांना मागून घेतलं होतं असं मुळीच नाही. आधीचा माणूस सोडून गेला, आणि कुठल्याच साहेबाला नको असलेल्या बाई तेवढ्या मोकळ्या होत्या. साहेबांचा मतदारसंघ द्राक्षांच्या भागातला, कार्यालय मात्र नाशकात. मतदारसंघाचं नाव सांगत नाही, कारण मग साहेब कोण ते शोधत बसाल, आणि ही गोष्ट त्यांची नाही.

आमदाराला लोकांपर्यंत माहिती पोचवायला सरकारी खर्चातून थोडंफार छापता येतं. पत्रकं, अहवाल, लेटरहेड असलं काहीबाही. त्याला नियम असतात. पक्षाचं चिन्ह नको, मतं मागायची नाहीत, स्वतःची आरती ओवाळायची नाही, आणि पक्षाच्या पैशानं छापलेला कागद या कागदाबरोबर जायचा नाही. हे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. रस्त्यावर डावीकडून चालावं हेही सगळ्यांना ठाऊक असतंच. मॅडम मात्र डावीकडूनच चालणाऱ्या.

मजकूर तपासायची त्यांची रीत मी दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकात पाहिली नाही. त्या बसून प्रूफ वाचत नसत. पदर खोचून काउंटरसमोर उभ्या राहत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचत, तोही स्वतःच्या आवाजात नाही. नाशिकरोडला त्या राहत त्याच कॉलनीत त्यांचे धाकटे दीर राहायचे. हे भाऊजी साहेबांच्या विरोधी पक्षाचे कडवे कार्यकर्ते. मॅडम त्या भाऊजींच्या आवाजात वाचत. आवाज खर्जातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाकातून एक हुंकार, आणि मधेच थांबून विचारलेला एखादा खवचट प्रश्न. मशीनवरचे आमचे सलीमभाई हातातलं काम टाकून ऐकत उभे राहायचे.

एकदा मजकूर आला होता की साहेबांच्या अथक प्रयत्नांतून अमुक गावाला पाणी मिळालं. मॅडमनी ते भाऊजींच्या आवाजात वाचलं आणि हुंकार भरून विचारलं, "का हो, साहेब स्वतः घागर घेऊन आले होते का?" आम्ही हसलो. हसू आलं की मजकूर नापास, असा त्यांचा कायदा. मग पेन निघालं आणि दोन ओळींच्या जागी दोनच ओळी आल्या. नळयोजना सुरू झाली आहे, पाणी सकाळी सुटतं. पाणी आलं नाही तर या कार्यालयात या माणसाला भेटा. त्या ओळींवर भाऊजींना हुंकार भरायला जागाच राहिली नव्हती.

पुढची परीक्षा घरी व्हायची. नवा कागद छापला की मॅडम तो काही न बोलता दिरांच्या घरी टीपॉयवर ठेवून यायच्या. भाऊजींनी तो कपाटात सारला तर पास. त्यावर शेंगांची टरफलं टाकली तर नापास, आणि मग पुढच्या वेळी सगळी मांडणी बदलायची. मी एकदा चिडवलं की मॅडम, आमदार तुमचे आणि मार्क विरोधकांकडून घेता. त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "ज्यानं मत दिलं नाही, त्याच्याही खिशातले पैसे आहेत यात, प्रेसवाले. त्याच्या कामाचं काही नसेल तर छापता कशाला?" मला त्या कायम प्रेसवाले म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

फोटोचा किस्सा तर आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. नियमात म्हणे फोटो माफक असावा असं होतं. माफक म्हणजे केवढा, ते लिहिणाऱ्यानं सोडून दिलेलं. मॅडमनी त्याचा निकाल स्वतःच लावला. प्रूफवर साहेबांच्या चेहऱ्यावर त्या आपला अंगठा ठेवत, आणि अंगठ्याबाहेर कान जरी दिसला तरी फोटो लहान करायला लावत. बाई चांगल्या भरदार होत्या, पण हात लहान मुलीचे असावेत तसे. साहेब पहिल्यांदाच निवडून आलेले, हौशी. वर्षभर त्यांनी सोसलं आणि एक दिवस स्वतःच प्रेसवर आले. खूप घासाघीस झाली. साहेबांच्या आई गंगापूर रोडच्या पलीकडे मळ्यात राहायच्या, अजून स्वतः मेथी-कोथिंबीर बाजारात घेऊन जायच्या. म्हातारी पत्रक डोळ्यांशी नेऊन बघते आणि हा कोण म्हणून विचारते, असं साहेब कळवळून सांगत होते. मॅडम म्हणाल्या, आईंना घरात लावायला मोठा फोटो द्या की, स्वतःच्या पैशानं. शेवटी साहेब हात जोडून म्हणाले, "मॅडम, मग निदान अंगठा तरी सलीमभाईंचा घ्या."

सलीमभाईंचा अंगठा तरुणपणी मशीनमध्ये सापडून चेपला होता आणि चमच्यासारखा रुंद झाला होता. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पुन्हा स्वतःचाच अंगठा प्रूफवर ठेवला. साहेबांनी मात्र आईसाठी खरंच मोठा फोटो करून घेतला, चौकटीसकट, आणि त्याचं बिल घरच्या पत्त्यावर मागितलं. त्या दिवशी मला हा माणूस आवडायला लागला.

आणि गंमत बघा, दुसऱ्यांचे फोटो छाटणाऱ्या या बाईंना स्वतःच्या फोटोची केवढी हौस! कुठल्याही उद्घाटनाला त्या कडक इस्त्रीची साडी नेसून, केसांना पुन्हा एकदा कंगवा फिरवून, बरोबर कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहत. दुसऱ्या दिवशी पेपरात आपला निम्मा चेहरा जरी आला असेल, तरी तो पेपर प्रेसवर आणून सलीमभाईंना दाखवत. मी म्हटलं, मॅडम, हा फोटो अंगठ्याहून मोठा आहे. तर म्हणाल्या, "तो पेपरवाल्याच्या पैशानं आहे."

डबा त्या नेहमी जास्तीचा आणायच्या. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत. मिसळ खायची तर प्रूफ वाचून झाल्यावर, असाही त्यांचा एक नियम होता. तिखटानं माणूस चिडतो आणि चांगली ओळही खोडतो, असं त्यांचं म्हणणं. रागावल्या म्हणजे मात्र मिसळीची गरज नसे. एकदा साहेबांच्या कार्यकर्त्या पोरांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांची एक ओळ सरकारी पत्रकात घुसवायचा प्रयत्न केला. मॅडम त्यांच्यावर अशा कडाडल्या की समोरचा चहावाला अर्ध्या रस्त्यातून परत गेला.

एवढ्या तेज बाई कशाला तरी घाबरत असतील असं कुणाला वाटलं नसतं. पण त्या घाबरायच्या, आणि ते त्यांनीच मला सांगितलं होतं. नोकरी नवी असताना, दुसऱ्याच एका कचेरीत, वरच्या साहेबांनी सांगितलं म्हणून त्यांनी एका पुढाऱ्याच्या पुस्तिकेच्या छपाईला मंजुरीची सही केली. पुस्तिका सरकारी पैशानं झाली आणि आत नुसती आरती. तक्रार झाली. वरचे साहेब बदली घेऊन निघून गेले आणि चौकशी या बाईंच्या मागे लागली. ती वर्षानुवर्षं चालली. कॉलनीत लोक विचारायचे, मास्तरांच्या मुलीनं काय खाल्लं म्हणे? वडील शिक्षक होते, ताठ मानेचे. त्यांनी संध्याकाळी चौकात जाऊन बसणं सोडलं. मॅडम निर्दोष ठरल्या खऱ्या, पण तो निकाल आला तेव्हा वडील नव्हते. हे सांगताना त्यांनी कुणाचाही आवाज काढला नाही.

सरकारी माणूस निवृत्त होताना त्याच्यामागे कुठलीही चौकशी नसल्याचा एक दाखला लागतो. मॅडमचं सगळं लक्ष त्या दाखल्याकडे होतं. निवृत्तीला काही महिने उरले, तसं त्या बोलूनच दाखवू लागल्या. हार नको, शाल नको, भाषणं तर नकोच नको, तेवढा एक कागद वेळेवर आणि कोरा मिळू दे. पुन्हा कॉलनीतून मान खाली घालून जायची त्यांची तयारी नव्हती. आणि नेमकं तेव्हाच आप्पांनी डिझेल वाचवलं.

आप्पा म्हणजे साहेबांचे जुने कार्यकर्ते. जीप त्यांची, माणूस सोन्यासारखा, साहेबांसाठी जीव टाकणारा. त्या वर्षी द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दिव्यांगांना प्रमाणपत्रं देण्याचं शिबिर ठरलं होतं. असं शिबिर तिकडे फार दिवसांनी होणार होतं. एरवी त्या कागदासाठी खेड्यातल्या माणसाला आजारी पोर काखेत घेऊन नाशिकला हेलपाटे घालावे लागतात. मॅडमनी त्याचं पत्रक केलं. शिबिर कधी, कुठे, येताना कोणकोणते कागद आणायचे, बस कुठून मिळेल, बरोबर कुणाला आणावं. वर कोपऱ्यात अंगठ्याएवढे साहेब. हे सरकारी खर्चाचं काम. त्याच आठवड्यात साहेबांच्या पक्षाचा मेळावा होता. त्याचं रंगीत पत्रक पक्षाच्या खर्चानं माझ्याकडेच छापलं जात होतं. त्यात साहेब पानभर होते, वर दोन्ही हात जोडून. मॅडमनी दोन्ही गठ्ठे वेगळ्या दोऱ्यांनी बांधून घेतले, दोन वेगळ्या दिवशी न्यायला सांगितले आणि आप्पांना दोनदा बजावलं.

आप्पा दोन दिवसांनी आले ते खुशीत. मॅडम तेव्हा प्रेसवरच होत्या. आप्पांनी टोपी काढून घाम पुसला आणि कौतुकाच्या अपेक्षेनं सांगितलं, "मॅडम, एका फेरीत दोन्ही कामं उरकली बघा. घरची समदी घड्या घालाया बसवली आन् ह्या कागदाच्या पोटात त्यो, असे घालून दिले. वाटायलाबी सोपं. डिझेल लय वाचलं."

मला वाटलं, आता समोरचा चहावाला पुन्हा पळणार. पण मॅडमनी हातातलं पेन बंद केलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी काढा." त्यांचा तो हळू आवाज ऐकून मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांच्यासाठी वाटली.

माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही तिघं निघालो. आप्पा पुढे, तोंड उतरलेलं, कारण चूक काय झाली ते त्यांना अजून कळत नव्हतं. डिझेल वाचवलं म्हणून रागावणारी बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. मॅडमनी वाटेत त्यांना शांतपणे समजावलं. सरकारी पत्रकाच्या पोटात पक्षाचं पत्रक गेलं म्हणजे सरकारनं पक्षाचा प्रचार घरोघर पोचवला असा अर्थ होतो, आणि सही माझी आहे. आप्पांनी ऐकलं. मग म्हणाले की मॅडम, मला खाली उतरवा, मी पायी फिरून एकेक कागद गोळा करतो. मॅडम म्हणाल्या, गप बसा आणि रस्ता दाखवा.

एका किराणा दुकानातून निम्मा गठ्ठा मिळाला. दूध संकलन केंद्रावर जवळजवळ सगळा तसाच होता. मॅडमनी दोन्ही ठिकाणी उभं राहून एकेका पत्रकाच्या पोटातून रंगीत पत्रक काढलं. आम्ही दोघं रंगीत गठ्ठे गाडीत टाकत होतो. पण साधे कागदही त्या परत गाडीतच ठेवत होत्या, एकही मागे सोडत नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की एकदा खोट झाली ना, आता सगळंच परत न्यायचं आणि वरच्या कचेरीत जमा करायचं. म्हणजे बोलायला कुणाला जागा नको. नोकरीचा विचार केला तर तेच शहाणपणाचं होतं. मीही तेच केलं असतं.

शेवटचा गठ्ठा एका द्राक्षबागेच्या पॅकिंग शेडमध्ये होता. दहा-बारा बाया खाली बसून घड निवडत होत्या, खराब मणी कात्रीनं काढून टाकत होत्या. गठ्ठा सुटलेला होता. रंगीत पत्रकं त्यांनी खोक्यांच्या तळाशी अंथरली होती, आणि हात जोडलेल्या साहेबांच्या अंगावर द्राक्षं ठेवलेली होती. साधी पत्रकं मात्र बायांनी वेगळी काढून वाटून घेतली होती. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं आणि सगळी पत्रकं परत मागितली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. काहींनी कंबरेला खोचलेले कागद काढून दिलेही. एक बाई उठून उभी राहिली, पण कागद द्यायला नाही. तिनं तो पदराआड धरला होता.

"बाई, हा कागद नेऊ नका. माझ्या पोरीला ऐकू येत नाय. कोणते कागद न्यायचे ते ह्याच्यात लिवलंय. शाळेतल्या मास्तरकडून वाचून घ्यायचंय मला."

मी मॅडमच्या मागे उभा होतो, त्यामुळे चेहरा दिसला नाही. दिसला तो त्यांचा हात. गोळा केलेले कागद धरलेला तो हात जरासा खाली आला. मग त्यांनी ज्यांच्याकडून कागद घेतले होते त्यांना एकेक करून ते परत दिले. त्या बाईला म्हणाल्या, मास्तर कशाला, मी वाचते. आणि तिथेच, शेडमध्ये उभ्या राहून, त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं पत्रक वाचून दाखवलं, स्वतःच्या आवाजात. बायांनी मधे मधे प्रश्न विचारले. रेशनकार्डाची झेरॉक्स चालेल का, मुलगी लहान आहे तर बापाला यावं लागेल का. मॅडमनी सगळ्यांची उत्तरं दिली. खोक्यांच्या तळाची रंगीत पत्रकं तेवढी आम्ही गोळा केली. ती चिकट झाली होती.

परत येताना त्यांनी आधीच्या दोन्ही ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि साधे गठ्ठे पुन्हा जागच्या जागी ठेवले. गठ्ठे उचलताना आप्पांचे डोळे भरले होते. त्याच संध्याकाळी मॅडमनी झालेला सगळा प्रकार वर लिहून कळवला. कुणी विचारायच्या आत. मी म्हटलं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता, कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी मी कुणीतरी विचारेपर्यंत थांबले होते.

लक्षात आलंच. त्या सगळ्या धावपळीतही काही पत्रकं जोडीनं घरोघर गेली होतीच. विरोधी पक्षाच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं दोन्ही कागद एकात एक धरून फोटो काढला आणि तक्रार केली. त्यात त्याची काही चूक नव्हती, मी त्याच्या जागी असतो तर मीही केली असती. मॅडमना खुलाशासाठी बोलावणं आलं. निवृत्ती अगदी तोंडावर, आणि चौकशी लागली तर दाखला अडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या दिवसांत मॅडम प्रेसवर यायच्या, प्रूफ वाचायच्या, पण भाऊजींचा आवाज काढायच्या नाहीत. डबा उघडायच्या आणि सलीमभाईंना देऊन टाकायच्या. खुद्द भाऊजीसुद्धा रोज संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन, खवचटपणा न करता, काही आलं का म्हणून विचारून जायचे. त्यांच्याच पक्षाची तक्रार, त्यामुळे घरात त्यांना तोंड वर करवत नव्हतं.

आणि मला खरी काळजी साहेबांची होती. त्यांना सुटायचा रस्ता अगदी सोपा होता. सरकारी पत्रकाची जबाबदारी मॅडमची, सही मॅडमची. एक वाक्य पुरे होतं. राजकारणात असलेल्या माणसाकडून मी त्याहून जास्त अपेक्षा ठेवायचं कधीच सोडून दिलंय.

खुलाशाच्या दिवशी छपाईची कागदपत्रं दाखवायला मलाही बोलावलं होतं. तक्रार करणारा पुढारी आला होता, साहेब आले होते, आप्पा बाहेर जिन्यात बसून होते. अधिकारी मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी दोन्ही पत्रकं नीट वाचली. मॅडमनी आधीच कळवलं होतं, रंगीत पत्रकं परत घेतली होती, हे त्यांच्यासमोर होतंच. त्यांचा प्रश्न एकच होता. एवढी काळजी घेतलीत, मग सरकारी पत्रकंसुद्धा परत का घेतली नाहीत? तीही त्या वाटपाचा भाग होती.

मॅडम उभ्या राहिल्या. पदर खोचला. "सर, शिबिर तोंडावर आलं होतं. ते कागद परत घेतले असते तर मी सुटले असते, आणि ज्यांच्यासाठी ते छापले त्यांचं शिबिर चुकलं असतं. ते मला जमलं नाही."

कुणी काही बोलायच्या आत साहेब उठले. त्यांनी सांगितलं की घडी घालणारा माणूस माझा, रंगीत पत्रक माझ्या पक्षाचं, मॅडमनी दोनदा बजावूनही हे झालं. सरकारी पत्रकाचा सगळा खर्च मी स्वतः भरतो. जे काही लिहायचं असेल ते माझ्या नावावर लिहा. तेव्हा मला वाटलं की म्हातारीच्या घरातला तो मोठा फोटो या माणसाला शोभून दिसतो.

बाहेर व्हरांड्यात एक गोष्ट घडली, ती मी मॅडमना नंतर कितीदा तरी सांगायला लावली. तक्रार करणारा पुढारी त्यांच्यामागून आला, इकडे तिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं की शिबिर झालं, पण तसं पुन्हा कधी होणार आहे का? चुलतभावाला पायाचं दुखणं आहे, बारीकसारीक कागद जमवायला वेळ लागला. मॅडमनी त्याला रुग्णालयातल्या कोणाला भेटायचं, ते सगळं नीट सांगितलं. शिबिराला गर्दी झालीच होती. ऐकू न येणाऱ्या त्या मुलीची आई सगळ्यांत आधी येऊन बसली होती, असं आप्पांनी सांगितलं.

निर्णय यायला वेळ लागला. सरकारी कचेरी आहे, घाई कशाची. ज्या दिवशी तो आला, त्या दिवशी दुपारी मॅडम थेट प्रेसवर आल्या. खर्च साहेबांनी भरला, प्रकरण तिथेच मिटलं, त्यांच्यावर काहीही ठेवलं गेलं नाही. दाखला त्यांच्या हातात होता. मी तो दोनदा वाचला. सलीमभाईंनी मशीनवरूनच हात वर करून सलाम केला. मी समोर चहा सांगायला गेलो.

चहा घेऊन आलो तेव्हा मॅडम भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, दाखला मांडीवर, त्यावर दोन्ही हात. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. झोपल्या होत्या. कित्येक आठवडे धड झोप नसणार. मशीनचा धडधड आवाज चालू होता आणि त्या आवाजात त्या लहान मुलासारख्या गाढ झोपल्या होत्या. पुढच्याच महिन्यात निवृत्त होऊन मॅडम आपल्या मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या. फोन येतो अधूनमधून, पण बघितलं ते तेवढंच शेवटचं.

सलीमभाईंचा कागद संपला होता, म्हणून त्यांनी मशीनच्या बटणाकडे हात नेला. आवाज थांबला असता तर त्या जाग्या झाल्या असत्या. मी मानेनंच नको म्हटलं. सलीमभाईंनी हात मागे घेतला, आणि आमचं मशीन बराच वेळ कोरंच चालत राहिलं.